वजन कुठे, टोक कुठे? बास माशासाठी मऊ प्लास्टिकचं आमिष कसं लावतात

मऊ प्लास्टिकच्या आमिषाचं पाकीट पहिल्यांदा फोडलं की बहुतेक वेळा बडीशेपेसारखा वास येतो. बोटांना तेल लागतं, आणि नीट पाहिलं तर मिठाचे कणही दिसतात. आत आठ-दहा लुसलुशीत गांडुळं पडलेली असतात. बस्स. गळ नाही, वजन नाही, कसं लावायचं हे सांगणारा कागद नाही. लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा खोटा मासा घेतला तर त्याच्या पोटाखाली तीन टोकांचे गळ आधीच लटकत असतात. लाईनला बांधा आणि फेका. इथे मात्र अर्धवट वस्तू हातात येते आणि उरलेली आपण पुरी करायची असते.

मग माणूस व्हिडिओ बघायला बसतो. अमेरिकेतल्या बास स्पर्धांचं समालोचन लागलेलं असतं आणि नावांचा पाऊस सुरू होतो: टेक्सस रिग, कॅरोलायना रिग, वॅकी, नेको, नेड, ड्रॉप शॉट. रिग म्हणजे आमिष, गळ, वजन आणि लाईन यांची ठरावीक जोडणी, एवढं पाच मिनिटांत समजतं. पण एकाच गांडुळाला इतक्या जोडण्या कशासाठी, हे काही केल्या समजत नाही. मी पहिलं वर्षभर ही नावं पाढ्यांसारखी पाठ केली आणि पाण्याच्या काठावर गेलो की विसरलो. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की पाठ करण्यासारखं त्यात काही नाहीच. कुठलीही रिग समोर आली की दोनच प्रश्न विचारायचे. वजन कुठे आहे? आणि गळाचं टोक कुठे आहे? बाकीचं आपोआप उलगडतं.

## आधी मासा

इथे बास म्हणजे मुख्यतः लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत, नद्यांत आणि धरणांच्या जलाशयांत राहणारा. नावात बास असला तरी तो सनफिश कुळातला आहे. समुद्रातल्या सी बासशी त्याची गल्लत करू नका. हिरवट अंग, कडेने गडद पट्टा, आणि नावाला जागणारं तोंड: मिटलेल्या जबड्याचा मागचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो.

तो पाठलाग करून दमणाऱ्यांतला नाही. बुडालेलं झाड, पाणवनस्पतींचा गालिचा, धक्क्याचा खांब, अशा आडोशाला दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात तोंड उघडतो. तोंडात अचानक पोकळी होते आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं, सरबताच्या नळीतून बर्फाचा तुकडा सुर्रकन यावा तसं. म्हणजे बहुतेक वेळा तो चावत नाही, शोषून घेतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट. माशाला हात नाहीत. वस्तू चाचपून बघायची तर ती तोंडात घेऊनच बघावी लागते. घासात खडा लागला की आपण जसा तो जिभेने बाहेर ढकलतो, तसा बासही नको असलेली वस्तू फुर्रकन बाहेर फेकतो, आणि काठावरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. कडक आमिषाच्या बाबतीत ही चाचणी लवकर संपते. मऊ, किंचित खारट, जिवंत मांसासारखं दबणारं काही असेल तर मासा ते क्षण-दोन क्षण जास्त धरून ठेवतो. मऊ प्लास्टिकचं सगळं दुकान या क्षण-दोन क्षणांवर चालतं.

## ही वस्तू बनते कशी

ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली प्लास्टिकचं गांडूळ बाजारात आणलं. स्वयंपाकघरात खटपट करून, साच्यात ओतून बनवलेलं. पुढे त्यांची कंपनी टेक्ससमधल्या टायलर गावी गेली. आजही मूळ पाककृती फारशी बदललेली नाही. पीव्हीसीची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवतात. त्या द्रवाचं काम प्लास्टिक मऊ ठेवणं. या दुधासारख्या मिश्रणाला प्लास्टिसॉल म्हणतात. साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ते पारदर्शक आणि दाट होतं. मग त्यात रंग, चमकी, वास आणि मीठ घालून साच्यात ओततात.

मीठ चवीपुरतं नसतं. त्याने आमिष जड होतं. १९९०च्या दशकात गॅरी यामामोटो यांच्या कंपनीने सेन्को नावाचं आमिष आणलं. दिसायला अगदीच सामान्य: ना शेपूट, ना पाय, जाडसर पेनासारखी कांडी. पण मिठाने ठासून भरलेली. वजन न लावता पाण्यात सोडली तर ती आडवी राहून, दोन्ही टोकं हलकेच थरथरवत खाली जाते. तोटा हा की मीठ जास्त तितकं प्लास्टिक ठिसूळ. एक-दोन माशांत कांडी फाटते. टिकाऊपणा हवा की चाल हवी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझं मत चालीच्या बाजूने आहे.

त्या तेलकट द्रवाबद्दल एक ताकीद. पहिल्या वर्षी मी उरलीसुरली गांडुळं एका जुन्या पारदर्शक डबीत एकत्र कोंबली आणि उन्हाळाभर विसरलो. उघडली तेव्हा लाल गांडुळाचा रंग पांढऱ्यात उतरला होता आणि डबीचा तळ वितळून चिकट झाला होता. आमिषं त्यांच्या मूळ पाकिटांतच ठेवावीत. एक वेगळं, रबरासारखं ताणणारं आणि पाण्यावर तरंगणारं प्लास्टिकही हल्ली मिळतं. ते साध्या गांडुळांच्या शेजारी ठेवलं तर दोन्हींचा लगदा होतो.

## पहिला प्रश्न: टोक कुठे?

बास जिथे राहतो तिथे गळ उघडा टाकला तर माशाच्या आधी फांदी अडकते. टेक्ससमधल्या सॅम रेबर्न किंवा टोलेडो बेंडसारख्या जलाशयांत बुडालेल्या झाडांचं अख्खं रान उभं आहे. तिथे उघडा गळ म्हणजे फेकीला एक गळ गमावणं. टेक्सस रिग हे त्यावरचं उत्तर, आणि ते अगदी घरगुती आहे. पायजम्यात नाडी ओवताना आपण सेफ्टी पिन बंद करून आत सरकवतो, उघडी नाही. टेक्सस रिग म्हणजे बंद केलेली सेफ्टी पिन. फक्त ती माशाच्या तोंडात उघडली पाहिजे.

करून बघू. आधी लाईनमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवा, निमुळतं टोक रॉडकडे ठेवून. मग गळ बांधा. हा गळ साधा नसतो. डोळ्याच्या, म्हणजे लाईन बांधायच्या भोकाच्या, लगेच खाली त्याला झेडसारखी एक मोड असते. आता गांडुळाच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर टोक खुपसा. साधारण अर्धा सेंटिमीटर आत गेलं की कडेने बाहेर काढा आणि गळ ओढत न्या, थेट ती झेडची मोड डोक्यात रुतेपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे तोंड करेल.

चूक होते ती पुढच्या पायरीत. घाईत माणूस अंदाजाने टोक खुपसतो. तसं करू नका. गांडूळ सरळ लोंबू द्या आणि गळ त्याला लागून धरा. गळाचा बाक जिथे संपतो त्या जागी अंगठ्याच्या नखाने खूण करा. गांडूळ किंचित दुमडून टोक तिथून आरपार काढा, पाठीतून बाहेर येईपर्यंत. सोडल्यावर गांडूळ गळावर सरळ, सैल बसलं पाहिजे. मध्ये फुगलं असेल तर खूण शेपटाकडे जास्त गेली, ताणलं गेलं असेल तर डोक्याकडे. पुन्हा करा. वाकडं बसलेलं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं, लाईनला पीळ पडतो, आणि मासे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. शेवटी बाहेर आलेल्या टोकावर पाठीची नुसती साल चढवा, काटा बोटाला न लागण्याइतपत. गांडुळाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर टोक खाली जाणवावं, पण रुतू नये.

## "टोकच झाकलं तर मासा अडकतो कसा?"

शंका रास्त आहे. उत्तर शोषण्यात आहे. बास आमिष आत ओढतो आणि जबडे मिटतो तेव्हा मऊ प्लास्टिक दबतं. त्याच वेळी आपण हिसका दिला की गांडूळ गळावरून खाली सरकतं आणि टोक साल फाडून बाहेर येतं. म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, हिसका जोरकस हवा, कारण त्याला आधी प्लास्टिक फाडायचं आहे आणि मग जबडा. दोन, गळाच्या बाकात मोकळी जागा हवी. आमिष जाड आणि बाक अरुंद असेल तर गोळा झालेलं प्लास्टिक बाकातच अडकतं, आणि मासा तोंड उघडून निघून जातो. जाड आमिषाला रुंद बाकाचा गळ घेतात तो याचसाठी.

मोकळ्या पाण्यात, जिथे अडकायला काही नाही, तिथे टोक झाकायची गरजच नाही. उघडं टोक हलक्या हिसक्यानेही रुततं. वॅकी, नेड आणि बहुतेक वेळा ड्रॉप शॉट यांत टोक उघडं असतं, आणि म्हणून त्या रिग बारीक लाईन, हलका रॉड घेऊन वापरतात.

गळाच्या आकड्यांबद्दल इथेच सांगतो, कारण दुकानात सगळ्यांचीच फजिती होते. ६, ४, २, १ या क्रमाने गळ मोठा होत जातो, म्हणजे आकडा लहान तितका गळ मोठा. पण १ नंतर गाडी उलटी वळते आणि १/०, २/०, ३/० असा आकडा वाढेल तसा गळही वाढतो. ६ इंची गांडुळाला ३/० हा बिनधोक पर्याय.

## दुसरा प्रश्न: वजन कुठे?

रिगची खरी गंमत इथे आहे. आमिष तेच, गळही जवळपास तोच. वजनाची जागा बदलली की पाण्यातली चाल पार बदलते.

वजन नाकाशी आणि लाईनवर मोकळं सरकणारं: ही साधी टेक्सस रिग. वजन पुढे धावतं, गांडूळ मागून येतं. पाव औंस म्हणजे सुमारे ७ ग्रॅम ही नेहमीची सुरुवात. पण दाट गवतात एक अडचण येते. वजन फटीतून खाली उतरतं आणि गांडूळ वर गवतावरच लोंबकळत राहतं. म्हणून लाईनवर रबराची बारीक गाठ सरकवून वजन नाकाशी पक्कं करतात. समालोचक "पेग केलंय" म्हणतात ते हेच. गवताचा जाड थर फोडायला मग एक औंस किंवा त्याहून जड वजनही लागतं.

वजन आमिषाच्या पुढे, लांब: ही कॅरोलायना रिग. जड वजन, त्यामागे मणी, मग छल्ला, आणि छल्ल्यापासून अर्धा ते एक मीटर लाईन सोडून गळ. वजन तळावरून घासत चालतं, मणी त्याच्यावर टकटक आपटतो, धुरळा उडतो, आणि मागून गांडूळ तळाच्या थोडं वर निवांत तरंगत येतं. मोठा सपाट तळ चाचपायला याहून चांगलं साधन नाही. फेकायला मात्र हे लटांबर वैताग आणतं.

वजन आमिषाच्या खाली: ड्रॉप शॉट. लाईनच्या अगदी शेवटी वजन, आणि त्याच्या वीतभर-हातभर वर गळ. वजन तळाला टेकतं, आमिष अधांतरी एकाच जागी थरथरत राहतं. बाकीच्या सगळ्या रिग चालत राहतात. ही एकटीच माशाच्या नाकासमोर उभी राहू शकते. जपानी मासेमारांनी घासून-पुसून तयार केलेली ही पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पसरली. ती खोल आणि नितळ पाण्यासाठी आहे. पालोमार गाठ (लाईन दुमडून बांधायची एक गाठ) बांधून लाईनचं मोकळं टोक पुन्हा गळाच्या डोळ्यातून खाली काढलं की गळ लाईनला काटकोनात उभा राहतो. ही युक्ती विसरलात तर गळ लाईनला चिकटून लोंबतो.

वजन गळातच: गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो, त्याला जिग हेड म्हणतात. कॅन्ससचे मासेमारीविषयक लेखक नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाणारी नेड रिग याच घरातली. अळंबीच्या आकाराचं, जेमतेम २-३ ग्रॅमचं डोकं आणि त्यावर बोटाएवढा गांडुळाचा तुकडा. तो तुकडा मघाशी सांगितलेल्या तरंगणाऱ्या प्लास्टिकचा असेल तर तळावर शेपूट वर करून उभा राहतो. दिसायला इतकी क्षुल्लक की अनुभवी माणसंही आधी हसतात. मीही हसलो होतो.

वजन कुठेच नाही: वॅकी रिग. सेन्कोसारखी कांडी घ्यायची आणि बरोबर मधोमध गळ टोचायचा, झालं. पडताना दोन्ही टोकं वर-खाली फडफडतात. कांडी फाटू नये म्हणून मधे रबरी कडं चढवून गळ त्याखालून घालतात. याच कांडीच्या एका टोकात खिळ्यासारखं बारीक वजन खुपसलं की तीच नेको रिग. टोक खाली करून बुडते आणि तळ टोचत-टोचत चालते.

बघा, सहा नावं संपली आणि पाठ काहीच करावं लागलं नाही.

वजन कशाचं, हाही एक प्रश्न आहे. शिसं स्वस्त. टंगस्टन महाग, पण शिशाच्या दीडपटीहून जास्त घन, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लहान होते आणि फटीतून सहज जाते. शिवाय ते कडक असल्याने तळाचा दगड की चिखल हे हाताला स्पष्ट कळतं. न्यू हॅम्पशर, मेन, व्हरमाँट अशा राज्यांत लहान आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदीच आहे, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळून विषबाधेने मरतात.

## फेकल्यावर काय करायचं?

नवा माणूस आमिष फेकतो आणि लगेच रीळ फिरवायला लागतो. मऊ प्लास्टिकच्या बाबतीत बहुतेक वेळा हीच चूक असते. बास हे आमिष पुष्कळदा ते बुडत असताना उचलतो. म्हणून आमिष पडतं कसं, हे आपण ओढतो कसं याच्यापेक्षा महत्त्वाचं.

लाईन ताठ ठेवली तर आमिष सरळ खाली जात नाही. घड्याळाच्या लंबकासारखं कमान घेत तुमच्याकडे येतं, म्हणजे ज्या झाडाच्या बुंध्याशी नेमकं टाकलंत तिथून दूर. उलट फार ढिली सोडली तर मासा लागलेला कळत नाही. पतंग उडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: ढील द्यायची, पण बोट मांज्यावर ठेवायचं. लाईन पाण्यावर किंचित झोळ खात असावी आणि नजर त्या झोळावर असावी.

तळाला टेकलं की थांबा. मग रॉडने, रिळाने नव्हे, हळूच उचला. रॉडचं टोक घड्याळात दहावर असेल तर साडेअकरापर्यंत. पुन्हा खाली न्या, आमिष पडू द्या, मोकळी झालेली लाईन गुंडाळा, थांबा. थंड पाण्यात माशाचं शरीर मंदावलेलं असतं, तेव्हा ही थांबण्याची वेळ कंटाळा येईपर्यंत वाढवा. कंटाळा आला की आणखी थोडी.

मासा लागल्याची खूण प्रत्येक वेळी जोरदार नसते. कधी टिचकी मारल्यासारखं टक्. कधी लाईन कडेला सरकायला लागते. कधी मीटरभर खोली बाकी असताना आमिष पडायचंच थांबतं, आणि कधी नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं जडशीळ वाटतं. शेवटच्या दोन खुणा मी कित्येक महिने गवत समजून सोडून दिल्या.

खूण कळली की रॉड खाली झुकवून झोळ गुंडाळा, आणि झाकलेल्या टोकाची रिग असेल तर वर जोरदार हिसका. ढिल्या लाईनवर दिलेला हिसका फक्त झोळ उचलतो, गळ जागेवरच राहतो. उघड्या टोकाच्या बारीक रिगला मात्र झटका नको. रीळ फिरवत रॉड कडेला नेला की पुरे. तिथे मर्दुमकी दाखवली तर लाईन तुटते.

## "मग रंगांचे एवढे प्रकार कशाला?"

खरं सांगायचं तर बरेचसे रंग माणसाला पकडण्यासाठी असतात. नितळ पाण्यात भोपळ्याच्या सालीसारखा हिरवट तपकिरी आणि गढूळ पाण्यात गडद काळा-निळा, एवढ्यावर वर्ष निघतं. गढूळ पाण्यात गडद रंग का, तर तिथे तपशील दिसतच नाहीत. दिसते फक्त बाह्याकृती, आणि ती गडद असेल तर उठून दिसते.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बासना विशिष्ट रंगाला प्रतिसाद द्यायला शिकवून पाहिलं. लाल आणि हिरवा त्यांना नीट ओळखता आला. पण पिवळट हिरव्या आणि पांढऱ्यात, तसंच निळ्या आणि काळ्यात त्यांचा गोंधळ झाला. म्हणजे आपण हौसेने घेतलेलं काळं-निळं गांडूळ त्याच्या लेखी बहुधा काळंच. तरी माझ्या पेटीत काळी-निळी तीन पाकिटं आहेत, हेही कबूल करतो.

## "त्यापेक्षा जिवंत गांडूळ काय वाईट?"

काहीच वाईट नाही. उलट मासे ते जास्त भरवशाने घेतात. अधिकृत नोंदीतले सर्वांत मोठे दोन लार्जमाउथ बास बघा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी पकडलेला, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडून त्याची बरोबरी साधलेला. दोघांचंही वजन १० किलोच्या किंचित वर. पेरींच्या लाईनला लाकडी आमिष होतं आणि कुरितांच्या लाईनला जिवंत मासा. मऊ प्लास्टिक दोन्हींकडे नव्हतं.

तरी प्लास्टिकला मागणी का? एक कारण, जिवंत आमिष मासा पार घशाखाली उतरवतो, आणि तिथून गळ काढताना तो वाचेलच असं नाही. कृत्रिम आमिष पुष्कळदा ओठाशी किंवा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतं. दुसरं, रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर जी स्पर्धा भरवली आणि ज्यातून पुढे बासमासेमारीची मोठी संघटना उभी राहिली, त्या परंपरेत कृत्रिम आमिषच चालतं, आणि १९७२ पासून मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची रीत पडली. तिसरं कारण साधं आहे. जिवंत गांडूळ गवतातून ओढत नेलं तर दुसऱ्या फेकीला गळावर काही उरत नाही.

## "पण फाटलेलं प्लास्टिक जातं कुठे?"

या आक्षेपाला पळवाट नाही. ते पाण्यात जातं आणि तिथेच राहतं. मेन राज्यात प्रयोगशाळेत ब्रुक ट्राउट माशांसमोर अशी आमिषं टाकली तेव्हा त्यांनी ती आपणहून गिळली आणि गिळणाऱ्यांचं वजन घटलं. २०१३ साली तिथल्या विधिमंडळात मऊ आमिषांवर बंदीचा प्रस्तावही आला, पण बंदी झाली नाही. जपानमधल्या कावागुची सरोवरात मात्र बास पकडायला लोक लोटत असूनही प्लास्टिकचं गांडूळ वापरायला मनाई आहे.

विरघळणारी म्हणून विकली जाणारी आमिषंही आहेत. ती पाकिटाबाहेर राहिली तर वाळून कडक होतात, म्हणून लोक कंटाळतात. तोवर हातात असलेला उपाय म्हणजे फाटलेलं गांडूळ खिशात टाकणं. काहीजण ते साठवून पुन्हा वितळवतात आणि नवीन ओततात. वितळवताना उग्र धूर निघतो, तेव्हा ते उघड्यावर करावं.

## पहिल्या दिवशी

दुकानात शंभर प्रकार दिसतील. ५ इंची मिठाची कांडी, हिरवट तपकिरी रंगात, एक पाकीट घ्या. झेड मोडीचे ३/० गळ, पाव औंसाची चार-पाच वजनं, ५-६ किलो ताण सोसणारी लाईन. एवढ्यात वॅकी, बिनवजनाची टेक्सस आणि वजनाची टेक्सस अशा तिन्ही होतात.

फेकण्याआधी मात्र काठाशी, जिथे तळ दिसतो अशा गुडघाभर पाण्यात ती कांडी सोडा. आधी मधोमध टोचून, मग टेक्सस पद्धतीने लावून, मग नाकाशी वजन चढवून. तिन्ही वेळा ती कशी बुडते ते वाकून बघा. वजन असेल तर नाक खाली करून धपकन जाते. वजन काढलं की आडवी होऊन तरंगत-डुलत उतरते, आणि मधोमध टोचलेली तर दोन्ही टोकं हलवत, जणू कुठेच जायची घाई नसल्यासारखी. मी हे पहिल्यांदा करत होतो तेव्हा पायाजवळच्या दगडाआडून बोटभर लांबीचं एक बासचं पिल्लू आलं, स्वतःपेक्षा लांब कांडीसमोर येऊन थबकलं, आणि तिच्या टोकाला एक टोचणी मारून परत दगडाआड गेलं.